शेवटच्याला पहिली निवड

आमच्या गावात कबड्डीचे चार संघ होते आणि त्यातला एकच जिंकायचा. पेठेतला. पेठेत घरं जास्त, पोरं जास्त आणि त्या पोरांच्या घरी म्हशीही जास्त. वरची गल्ली, वेस आणि नदीकाठ हे उरलेले तिघे दर साली संक्रांतीनंतर हौसेनं मैदान आखायचे, खडे वेचायचे, पाणी मारायचे आणि पाडव्यापर्यंत हरत राहायचे. मी वरच्या गल्लीचा कप्तान. पोटापाण्याला परतूरच्या मोंढ्यात मापाडी होतो. दिवसभर धान्य तोलायचं, संध्याकाळी सायकल हाणत गावात यायचं आणि मैदानात उतरायचं. हरायची आम्हाला इतकी सवय झाली होती की घरी गेल्यावर कुणी निकाल विचारायचं नाही. किती गुणांनी, एवढंच विचारायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे गावातल्या बँकेत एक साहेब बदलून आले. त्यांचा भाऊ ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला नोकरीला होता. त्यानं तिकडच्या फुटबॉलची एक व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. एका रविवारी दुपारी साहेबांनी आम्हा चारही कप्तानांना घरी बोलावून ती दाखवली. मैदान लांबट गोल, चेंडूही लांबट, आणि बिनबाह्यांचे बनियन घातलेले धिप्पाड गडी एकमेकांच्या खांद्यावर गुडघे देऊन तो चेंडू झेलत होते. वेशीचा कप्तान बराच वेळ बघून म्हणाला, "साहेब, ही आपली कबड्डीच हाय. चेंडू उगीच घेतला यांनी."

साहेबांना खेळ दाखवायचा नव्हताच. त्यांना आमची दरवर्षीची भांडणं कानावर आली होती आणि तिकडे नवी पोरं संघांमध्ये कशी वाटून देतात ते त्यांना सांगायचं होतं. हंगाम संपला की खेळायच्या वयात आलेल्या देशभरच्या पोरांतून संघ पाळीपाळीनं एकेक पोरगा उचलतात. पण पाळी उलटी. जो संघ सगळ्यात खाली राहिला त्याची पहिली निवड, आणि जो जिंकला तो सगळ्यात शेवटी. एक फेरी झाली की दुसरी. पोराला कुणी विचारत नाही. ज्यानं नाव घेतलं त्याच्याकडे जायचं, मग घर देशाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. संघाच्या यादीला मर्यादा असते, म्हणून नवा आत घ्यायचा तर एक जुना बाहेर काढायचा. एखाद्या संघाला वाटलं तर तो आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तयार गडी घेऊ शकतो. आणि ज्याचा बाप एखाद्या संघाकडून पुष्कळ सामने खेळलेला असेल, त्या पोरावर बापाच्या संघाचा हक्क आधी.

हे शेवटचं कलम गावाला फार आवडलं. पारावर चर्चा झाली तेव्हा एकजण म्हणाला, "हे बराबर हाय. वारसाची नोंद झाली म्हणायची." एका म्हाताऱ्याला मात्र ते पटलं नाही. "म्हंजे पोराची गत पोरीवानी," तो म्हणाला. "कुणाच्या घरी जायचं ते दुसऱ्यांनीच ठरवायचं." त्यावर बाया हसल्या आणि पुरुषांनी विषय बदलला.

पेठेचा कप्तान चार दिवस फुगून बसला, पण तीन गल्ल्यांपुढे एका पेठेचं काय चालणार. ठरलं. दर पाडव्याला, बारावीच्या वयाची झालेली सगळ्या गावची पोरं शाळेच्या मैदानात उभी राहायची. प्रत्येक संघाची यादी बारा जणांची. शेवटच्याला पहिली निवड. साहेबांनी एकच गोष्ट बजावली. म्हणाले, "तिकडेसुद्धा कधीकधी कुजबूज होते, की पहिली निवड मिळावी म्हणून अमका संघ मुद्दाम हरला. तेवढं सांभाळा." आम्ही सगळे हसलो. मुद्दाम हरायला मराठवाड्यात कोण तयार होईल. त्या हसण्यात माझाही आवाज होता.

आमच्या संघात डाव्या कोपऱ्यावर माझा एक दोस्त खेळायचा. गावाच्या चौकात त्याचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचा, चाकं सरळ करायचा, भाड्यानं सायकली द्यायचा. त्याच्या घरात उर्दू, मैदानात मराठी, आणि मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, कप्तान म्हणायचा. त्याच्यासारखी घोट्याची पकड मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. चढाई करणाऱ्याचा पाय एकदा त्याच्या हातात आला की तो जमिनीशी असा चिकटायचा की पाय सोडवायचा तर जमीनही सोबत न्यावी लागेल. परतूरपासून जांब समर्थपर्यंतच्या गावांत त्याला लोक हातावरून ओळखायचे. सायकल सोडायला आलेला परगावचा माणूस आधी त्याचे पंजे बघून घ्यायचा. तो लाजायचा, पण त्याला ते आवडायचं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं.

नवी रीत दोन वर्षं छान चालली. पेठेचा जोर कमी झाला, सामने चुरशीचे होऊ लागले. तिसऱ्या वर्षी, हंगाम संपायला आठवडा असताना, मी एक पोरगा पाहिला. नदीकाठच्या बाजूला राहायचा. कालव्याच्या चारीवरून तो उभ्या उभ्या, बिनधावता पलीकडे उडी मारत होता, आणि परत अलीकडे. हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. त्या पाडव्याला तो निवडीला उभा राहणार होता. मी तिथंच सायकल थांबवून उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात तो पोरगा आमच्याकडून चढाईला जायलाही लागला.

आमचा शेवटचा सामना नदीकाठशी होता. दोघांचे गुण सारखे. जो हरेल तो तळाला जाणार आणि पहिल्या पाळीत त्या पोराला उचलणार. नदीकाठचा कप्तान सरळ माणूस, त्याच्या डोक्यात हे आलंच नाही. माझ्या डोक्यातून ते आठ दिवस गेलं नाही. मोंढ्यात तराजूसमोर उभा राहून मी स्वतःला समजावत होतो की एक सामना म्हणजे काही नाही, पुढची पाच वर्षं बघायची असतात. मी कुणाला बोललो नाही. दोस्तालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं मला संघातून काढलं असतं.

सामन्यात मी जमेल तेवढी घाण केली. चढाईला चुकीचे गडी पाठवले. चांगला चढाईदार दमलाय म्हणून मागे ठेवला. पण दोस्त काही ऐकेना. त्या दिवशी त्यानं आयुष्यातली सगळ्यात चांगली कबड्डी खेळली. मी एक गुण सांडायचो, तो पकड करून परत आणायचा. लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि मला, खरं सांगतो, त्याचा राग येत होता.

शेवटची चढाई नदीकाठची. गुण बरोबरीत. त्यांचा गडी डाव्या कोपऱ्यात उतरला, दोस्तानं घोटा धरला आणि गडी पोटावर पडला. दोस्ताच्या शेजारी मी होतो. माझं काम एवढंच होतं की पुढे होऊन त्या गड्याच्या पाठीवर पडायचं. अशी पकड आम्ही दोघांनी शेकडो वेळा केली होती. मी निघालो, पण जेवढ्या जोरात निघायला हवं होतं तेवढ्या जोरात नाही. अर्धं पाऊल. बघणाऱ्याला कळणार नाही इतकं. गडी कोपरांवर सरकत गेला, दोस्त त्याच्यामागे फरपटत गेला, आणि गड्याचं बोट मधल्या रेघेला लागलं. त्यानंतर मी त्याच्या पाठीवर पडलो.

नदीकाठची पोरं नाचत होती. दोस्त मातीत बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "कप्तान, हात ढिला पडला माझा. सुटला." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं कधीकधी." आयुष्यात मी बऱ्याच खोट्या गोष्टी बोललोय, पण त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते. गावात कुणाला शंकासुद्धा आली नाही. मापाडी माणूस, त्याचा काटा कधी हलत नाही, असा माझा लौकिक होता.

आता बाराच्या यादीतून एक नाव काढायचं होतं. माझा विचार चुलतभावाला काढायचा होता. त्याचा गुडघा गेला होता, तो खेळायचा कमी आणि बसायचा जास्त. पण निवडीच्या आदल्या सकाळी दोस्त माझ्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "माझं नाव काढ," तो म्हणाला.

"येडा झालास का?"

"न्हाई. हातात ताकद न्हाई राह्यली. भरल्या मैदानात दिसलं सगळ्यांना. लोकांनी काढ म्हणायच्या आधी आपणच निघालेलं बरं."

मी दोन वेळा नको म्हणालो. मोजून दोन वेळा. तिसऱ्यांदा म्हणालो असतो तर तो थांबला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चुलतभावाला काढलं तर काकू वर्षभर बोलणार नव्हती, बांधावरची जुनी कुरबुर पुन्हा निघाली असती. आणि दोस्त समोर असेपर्यंत प्रत्येक सामन्यात मला त्याचे हात दिसणार होते. मी म्हणालो, "बरं, तुझी मर्जी." दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर मी त्याचं नाव खोडलं आणि पहिल्या पाळीत त्या पोराचं नाव घेतलं. लोकांनी माझ्या निवडीचं कौतुक केलं.

पोरगा चांगला होता, त्यात वाद नाही. पुढच्या साली आम्ही दुसरे आलो, आजवरचा आमचा सगळ्यात वरचा नंबर. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो पोलीस भरतीत लागला आणि गेला. ज्या पाच वर्षांसाठी मी ते सगळं केलं, त्यातलं एकच माझ्या वाट्याला आलं. मग साहेबांची बदली झाली, पोरांना क्रिकेटचं वेड लागलं, आणि शाळेच्या मैदानात आखलेल्या रेघा पुसून गेल्या त्या गेल्याच.

दोस्त मैदानावर पुन्हा आला नाही. सामन्याच्या दिवशी ट्यूब-टायर आणायच्या निमित्तानं तो परतूरला जायचा. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण हळूहळू मला दिसू लागलं की चाक सरळ करायचं नाजूक काम तो धाकट्या भावाकडे देतोय. मी विचारलं तर म्हणाला, "त्याचा हात चांगलाय. माझ्या हातावर आता माझाच भरवसा न्हाई." परगावचे लोक आता त्याचे पंजे बघत नव्हते, आणि कुणी बघितलेच तर तो ते फडक्याला पुसत आत जायचा. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. हाताला काही झालेलं नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

सांगायला मला सात-आठ वर्षं लागली. तोवर दुकानात सायकली कमी आणि मोटारसायकली जास्त येत होत्या. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, धाकटा भाऊ आत हत्यारं धूत होता. मी बाकावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कालव्यावरचा पोरगा, चुकीचे गडी, अर्धं पाऊल. म्हणालो, "तुझी पकड सुटली न्हवती. मी आलो न्हाई म्हणून तो गेला. मी मुद्दाम आलो न्हाई."

तो टायरमधून ट्यूब ओढत होता. थांबला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हसला. "कप्तान, मला बरं वाटावं म्हणून सांगून राह्यलास."

"आईशप्पथ, खरं सांगतो."

"शपथ कशाला घेतो रे? मी खाली पडल्तो, मला बराबर आठवतं. तू पळत आल्तास, तुझ्या पायांचा आवाज आला मला. तू पोचायच्या आधीच माझा हात सुटल्ता."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पोराचं, निवडीचं, यादीचं. तो मान हलवत ऐकत राहिला, आजारी माणसाचं ऐकतात तसा. मग त्यानं धाकट्या भावाला बाहेर बोलावलं. "बघ," तो त्याला म्हणाला, "इतक्या वर्षांनी हा माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घ्यायला आला. असा कप्तान मिळायला नशीब लागतं." त्याचे डोळे भरून आले होते. भावाला त्यानं चहा सांगायला पाठवलं आणि स्पेशल सांग म्हणाला.

मी चहा प्यालो. पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं ही गोष्ट चौकात सांगितली, आणि दोन-तीन जुने गडी मला भेटून पाठीवर थाप मारून गेले. त्याच्याकडे पुन्हा जाऊन पटवून द्यावं असं कितीदा तरी मनात आलं. पण मी गेलो नाही. आणखी एकदा सांगितलं असतं, तर त्यानं मला आणखी मोठं केलं असतं आणि स्वतःचा हात आणखी ढिला.