ओल्या रेतीत धरलेली पट्टी

नोकरीची शेवटची वर्षं मी अकोल्यात नद्यांची मॉडेलं करण्यात घालवली. ठरावीक अंतरावर नदीचे आडवे छेद मोजायचे, ते संगणकात भरायचे, रेतीचा कण केवढा आणि गाळ किती हे सांगायचं आणि मग वरून पाणी सोडायचं. पाणी कुठवर चढेल, गाळ कुठे बसेल, ते पडद्यावर दिसतं. निळ्या रंगात. माणसं त्यात नसतात.

बाळापूर तालुक्यातल्या एका गावाची नदी आम्ही मोजायला गेलो, तेव्हा तिच्या कोरड्या पात्रात डांगरवाडी, म्हणजे उन्हाळी वेलफळांची लागवड होती. टरबूज-खरबूज लावणारी कुटुंबं रेतीत लांब नाल्या खणतात, तळच्या ओलीत बी टोकतात आणि काढलेल्या रेतीचे बाजूला ढीग घालतात. मोजणीची उभी पट्टी त्या ढिगांवर रुतायची.

"नालीत धरा," मी म्हणालो. "तिथं रेती ओली आहे, घट्ट आहे."

ऊन फार होतं आणि मला लवकर परतायचं होतं. सगळे छेद आम्ही तसेच घेतले. म्हणजे नदीचा तळ न मोजता माणसांनी खणलेल्या नाल्यांचा तळ मोजला. पहिल्याच पुरात या नाल्या रेतीनं भरून जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. संगणकातली नदी खऱ्या नदीपेक्षा हातभर खोल झाली. नकाशावर पुराची रेघ काठच्या आळीच्या खाली थांबली. लोक निर्धास्त राहिले.

पुढे पाणी आळीत शिरलं. माणसं वाचली, भिंती आणि धान्य गेलं.

वरून विचारणा झाली, तेव्हा मी संगणकात नाल्या भरून मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी बरोबर आळीत आलं. ते मी कोणालाच दाखवलं नाही. अहवालात लिहिलं की पात्रातल्या डांगरवाड्यांच्या ढिगांमुळे प्रवाहाला अडथळा झाला. ते वाक्य माझंच होतं. त्यानंतर त्या कुटुंबांना पात्रात उतरायला बंदी झाली.

आता मी अमरावतीत एकटाच असतो. स्वयंपाकाची बाई भाकरी झाकून गेली की घरात पंख्याचा आवाज तेवढा उरतो. या उन्हाळ्यात मी एक टरबूज आणलं. अर्धंसुद्धा संपेना. वाटून खायला कोणी नव्हतं. उरलेलं फ्रीजमध्ये पाणी सोडत पडलं आणि मी रोज दार उघडून ते पाहत राहिलो. शेवटी जुन्या कार्यालयाला सगळं लिहून कळवलं आणि त्या गावी गेलो.

तेव्हाच्या डांगरवाडीतली एक बाई, माझ्याच वयाची, बस स्टँडवर अकोल्याच्या बाजारातून आणलेली टरबुजं विकत बसली होती. मी कोण ते सांगितलं, मग पट्टीचं सांगितलं.

"तुमी येवढे मोठे सायेब," ती म्हणाली, "अन् आमच्या नालीले नदी समजले?"

ती हसली. मला हसता आलं नाही. म्हणालो, "मी कळवलंय. बंदी उठली तर पुन्हा लावता येईल."

"लावाले रेती कुठी हाय आता? सारी ट्रॅक्टरनं नेली. खाली काया गोटा हाय." तिनं टरबुजावरची माशी हाकलली. "मले सांगून काय फायदा? आमी गाव नाई बुडवलं, हे मले मालूमच हाय. थो पार दिसून राह्यला ना? तिथं सांगा. माया सुनेले अजून टोमणे मारतात."

पारावर त्याच आळीतले लोक पत्ते खेळत होते. मी उभ्यानंच सांगितलं. बसा, असं कोणी म्हटलं नाही.

"मंग आमचं घर तुमी बुडवलं म्हना ना," एकजण पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाला.

"सावध करायचं काम माझं होतं. मी चुकलो आणि नाव त्यांचं घेतलं."

दुसऱ्यानं स्टँडकडे पाहून हाक मारली, "ओ मावशी, हा बुढा खरं बोलून राह्यला का?"

"त्यायलेच इचारा," ती तिथूनच ओरडली. "मी तं पह्यलेपासून सांगून राह्यली. माहं कोनी आयकलं?"

पत्ते थांबले. अकोल्याची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो, या वेळी तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.