वाळूतले मणी

देवाला माझं तोरण नकोच आहे, असं त्या दिवशी मार्कंड्याच्या देवळाखालच्या नदीपात्रात बसल्या बसल्या मला पुरतं पटलं होतं. ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-दोन वर्षांतली. तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी घरकाम उरकून मण्यांचं काम करीत असे. काचेचे बारीक मणी ओवून पोपट, वेली, तोरणं करायची. मोजून काम करण्याची मला पहिल्यापासून आवड. एक मणी इकडचा तिकडे झाला तर मला रात्री झोप लागत नसे.

आदल्या पावसाळ्यात यजमानांना हिवताप झाला आणि तो उतरेना. मी मार्कंडेश्वराला बोलले, यांना बरं वाटू दे, तुझ्या दाराला माझ्या हातचं तोरण बांधीन. ते बरे झाले. तोरण मात्र होईना. पहिलं अर्ध्यावर आलं तेव्हा ध्यानात आलं की पहिल्याच ओळीत एक मणी कमी पडलाय आणि समोरासमोरच्या पोपटांच्या चोची जुळत नाहीत. शेजारीण म्हणाली, कोणाला दिसणार आहे? पण मला दिसत होतं, म्हणून सगळं उसवलं. दुसऱ्याचा दोरा उंदरांनी कुरतडला. तिसरं हिवाळाभर बसून केलं आणि शिवरात्रीच्या जत्रेला घेऊन निघाले.

सकाळी नदीच्या वाळूत गाडी सोडली. तोरण सरळ लोंबतं की नाही हे उजेडात एकदा पाहावं म्हणून मी ते गाडीच्या दांडीला अडकवलं. आमच्या बैलानं माशी हाकलायला मान झटकली, शिंग दोऱ्यात गुंतलं आणि तोरण चार ठिकाणी तुटून मणी वाळूत सांडले. मला हसवावं म्हणून यजमान म्हणाले, "नंदीनं तं आधीच घेतलं तुहं तोरण." मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं की मी दर्शनाला यायची नाही आणि घरी गेल्यावर सुईलाही हात लावायची नाही. ते बैलांना पाण्यावर घेऊन गेले.

तेवढ्यात बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतलेली एक मुसलमान बाई तिथून चालली होती. ती थांबली, खाली पाहिलं आणि माझ्याशी काही बोलायच्या आधी येणाऱ्याजाणाऱ्यांवर ओरडली, "ओ भाऊ, तिकून जा, इथी मनी पडले." मग टोपली उतरवून शेजारच्या गाडीवाल्यांकडून पिठाची चाळणी मागून आणली आणि वाळू चाळायला बसली. मी तशीच बसून. तिनं वर न पाहता म्हटलं, "काऊन बसल्या बाई? तुमचेच मनी आहेत ना?"

मी म्हटलं, हे तिसरं आहे, देवाच्या मनातच नाही. ती म्हणाली, "माह्या टोपलीत रोज बांगड्या वाढतेत. देवाले नाई पाह्यजे म्हणून घरी बसली तं पोरं काय खातीन?" बांगड्या फुटतात असं ती म्हणाली नाही, वाढतात म्हणाली. आदल्याच वर्षी ज्या भीतीत मी दिवस काढले होते ती आठवून मला त्या शब्दानं भरून आलं. मी तिच्यासमोर वाळूत बसले आणि चाळणीत राहिलेल्या खड्यांतून मणी वेचू लागले. बरेचसे निघाले, तेव्हा ती टोपली उचलून जत्रेत गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

गाडीच्या सावलीत मी पुन्हा ओवायला घेतलं. सांज झाली तेव्हा तोरण अर्धंच झालं होतं. जन्मात कधी अपुरं काम मी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. ते मी सुईसकट पुजाऱ्यांपुढे धरलं. त्यांनी ते दाराच्या एका बाजूला बांधलं, सुई काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बाकीचं पुढच्या वर्षी आणा." नवस फेडून मोकळं व्हावं असा माझा हिशेब होता. देवानं मला मोकळं केलं नाही, काम दिलं.

पुढच्या वर्षी उरलेलं तोरण घेऊन गेले. बांगड्यांच्या ओळीत ती बाई दिसली. मी जवळ बसून सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "नाई बाई, मले नाई आठवत," म्हणाली, आणि हात पुढं करा म्हणून हिरव्या बांगड्या काढू लागली. क्षणभर मी हिरमुसले. मग वाटलं, जिनं दिलं तिला ते दिल्याचं ओझंही नव्हतं, आणि मी एकेका मण्याचा भार वाहत आले होते. मी हात पुढं केला. तिनं तो हलक्या हातानं दाबून एकेक बांगडी चढवली, आणि मी पहिल्यांदाच काही न मोजता नुसती बसून राहिले.