दीड लिटर कढी, रांझीपर्यंत

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम : पैशात काही नाही, मालात दीड लिटर कढी. हजर : मी, पत्नी आणि आमची मुलगी, कांचघरातल्या घराच्या फाटकासमोर.

कढीचा खुलासा आधी करतो. माझी मेहुणी आमच्याच शहरात, रांझीला राहते. तिचा गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, उत्तम होतो, पण तिची कढी दरवेळी फुटते. म्हणून दिवाळीनंतर एका रविवारी गोळाभात तिचा आणि कढी आमची, असा दोन्ही घरांचा जुना रिवाज आहे. कढी मोटरसायकलवरून जाते. मी चालवतो, पत्नी मागे डबा धरून बसते, आणि पोहोचेपर्यंत थोडी कढी तिच्या साडीवर आलेली असते. घट्ट झाकणाचा डबा घरात आहे, पण त्यात गरम कढी भरली की झाकण पुढे दोघांनी ओढूनही निघत नाही.

कढी का सांडते, याबद्दल माझे मत पक्के होते. वळणावर गाडी कलते, गाडी कलली की डबा कलतो, डबा कलला की कढी सांडते. म्हणून मी वळणावर गाडी कलू देत नसे. ब्रेक धरून, सरळ बसून, जमेल तसा वळत असे. मेहुणीच्या भाषेत सांगायचे तर, "जीजाजी वळत नाहीत, विजेचा खांब हलवून राहिले असं वाटते."

आता मुलीचे. तिला रिछाईतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्याची नोकरी लागत होती. होकार किंवा नकार सोमवारी कळवायचा होता. पाळी संध्याकाळी उशिरा सुटणार, आणि त्या वेळी तिकडून ऑटो मिळेल याचा भरवसा नाही. मोटरसायकल मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही, इतका सरळ हिशोब होता. लायसन तिच्याकडे होते. मैदानात आणि कॉलनीत ती वर्षभर चालवत होती. पण रिछाईच्या रस्त्यावर वाळूचे डंपर चालतात, आणि मला तिची काळजी होती. काळजी मोजता येत नाही, म्हणून मी मोजता येईल अशी अट घातली. ती चालवेल, डबा घेऊन मी मागे बसेन. रांझीपर्यंत कढी सांडली, तर गाडी मिळणार नाही.

"बाबा, तुमच्या हातून तर दरवर्षी सांडते," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच माप कडक आहे."

"अच्छा! म्हणजे जे तुम्हाला जमलं नाही, ते मी करून दाखवायचं?"

पत्नी तोवर ऑटोत बसली होती. तिने आतूनच सांगितले, "अहो, नवी पँट घालून बसू नका."

मी नवीच पँट घातली होती. अट घालणाऱ्याने आपल्या अटीवर विश्वास दाखवायला हवा.

निघण्यापूर्वी मुलीने दोन्ही टायर दाबून पाहिले, साखळी पाहिली, आरसे आपल्या उंचीला लावले. मी घड्याळ पाहिले. पहिले वळण सिमेंटच्या रस्त्यावरचे, स्वच्छ आणि कोरडे. तिने वेग अलीकडेच उतरवला, मान फिरवून वळणाच्या पलीकडे पाहिले आणि गाडी कलवली. मी सवयीप्रमाणे उलट बाजूला ताठ झालो. गाडी डुगडुगली.

"बाबा! तुम्ही काहून ताठ होऊन राहिले?"

"कढी सांभाळतो आहे."

"कढीचं कढी पाहून घेईल. तुम्ही माझ्यासोबत झुका. माझ्या खांद्यावरून पुढे पाहा, आपोआप झुकाल. नाही जमत तर उतरा, भैया, आणि ऑटोनं या."

तिने मला भैया म्हटले. मी झाकणाच्या कडेला बोट लावून पाहिले. कोरडे होते.

दुसऱ्या वळणावर मी झुकलो. बोट लावले. कोरडे. तिसऱ्या वळणावरही तेच. मला हे पटेना. डबा माझ्या पोटाशी चांगलाच कलला होता, पण आतली कढी डब्याबरोबर कलून डब्यापुरती सपाटच राहिली असावी. पाण्याची बादली गरकन फिरवली तरी पाणी पडत नाही, ते मी लहानपणी स्वतः केले आहे. पण बादलीचा आणि कढीचा संबंध इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खणून वर गिट्टी पसरली होती. तिथे तिने हात सैल सोडले, गुडघे टाकीला लावले आणि एका संथ वेगाने गाडी जाऊ दिली. हँडल थोडे इकडेतिकडे झाले. मी म्हणालो, "घट्ट धर."

"घट्ट धरलं तर पडू. खड्यांवर तिला थोडं नाचू द्यायचं असते."

खरी परीक्षा रांझीच्या अलीकडच्या डाव्या वळणावर होती. डंपरमधून पडलेली ओली वाळू अर्ध्या रस्त्यावर पसरलेली होती. मी "वाळू!" म्हणून ओरडलो आणि पाय खाली टेकवायच्या तयारीत आलो.

"दिसली," ती म्हणाली. "पाय वर."

तिने ब्रेक वाळूच्या आधी, कोरड्या सिमेंटवर लावला, तोही हळूहळू दाबत. मागे आरशात पाहिले. वाळूवर आली तेव्हा ब्रेक पूर्ण सुटला होता. गाडी तिने कलवली नाही. एवढ्या एका वळणावर ती अगदी माझ्यासारखी सरळ बसून वळली, फक्त माझ्याहून निम्म्या वेगात आणि ब्रेकला हात न लावता. पलीकडे कोरडा रस्ता लागल्यावरच तिने गाडीला वेग दिला. मी बोट लावले. कोरडे. मी मनातल्या मनात नोकरी मंजूर केली.

त्यानंतर रस्ता सरळ होता. सरळ रस्त्याची मला कधीच भीती वाटली नाही. डाव्या बाजूच्या चहाच्या टपरीमागून एक बकरी निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

मुलीने दोन्ही ब्रेक लावले. गाडी सरळ रेषेत, न घसरता, बकरीपासून हातभर अंतरावर थांबली. डबा थांबला, मी थांबलो, कढी थांबली नाही. झाकण उडाले. काही कढी मुलीच्या पाठीवर गेली, बाकी माझ्या मांडीवर. बकरीने आम्हा दोघांकडे पाहिले आणि निवांत पलीकडे गेली.

मुलीने गाडी कडेला घेतली. मग तिने विचारले, "किती उरली?"

"तळाला थोडी."

"चलो, अट म्हणजे अट," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. पुढच्या सगळ्या रस्त्यावर तिने गाडी तशीच नीट चालवली.

मेहुणीने दार उघडले, मला पायापासून वर पाहिले आणि बहिणीला हाक मारली, "ये ताई, बघ, जीजाजी फोडणीसकट आले!"

पत्नीने विचारले, "कोणत्या वळणावर सांडली?"

खोटी साक्ष देणे मला जमत नाही. मी सांगितले की प्रत्येक वळणानंतर झाकण तपासले होते, गिट्टीवर आणि वाळूवरही, आणि एकाही ठिकाणी थेंब आला नव्हता. सांडली ती सरळ रस्त्यावर, बकरीसाठी ब्रेक लावल्यावर.

"मी किती वर्षांपासून सांगून राहिली तुम्हाला," पत्नी म्हणाली. "वळणानं नाही सांडत, तुमच्या ब्रेकनं सांडते. माझ्या साड्यांना विचारा."

"पण अट होती कढी न सांडण्याची," मुलगी म्हणाली. ती पाठ पुसत होती आणि कोणाकडेही पाहत नव्हती.

मेहुणी म्हणाली, "मग जीजाजी, कढी वाचवायला बकरी मारायची होती का? की पोरीला गाडीसकट आडवं करायचं होतं? तुम्हीच सांगा, नियम तुमचा आहे."

मी ओल्या पँटीत उभा राहून विचार केला. माझ्या मापाने पाहिले तर न थांबणारा पास होत होता आणि थांबणारा नापास. मालाची तपासणी करणाऱ्या पोरीला असे माप दाखवायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "अट चुकीची होती. गाडी तुझी. उद्या होकार कळव."

"बाबा, दया करून राहिले का?"

"दया नाही. बकरीची साक्ष काढू का?"

ती हसली, आणि मेहुणीने लगेच मुद्द्यावर बोट ठेवले. गोळाभात तयार होता आणि कढी माझ्या पँटीवर होती. तिने स्वतः कढी करायची तयारी दाखवली, तेव्हा आम्ही तिघांनी एकदमच नको म्हटले. मग मी आणि मुलगी कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. दुकानदाराने दही तोलले आणि विचारले, "बिटिया, पैसे कौन देगा?" मुलीने पाकीट काढले, कारण सांडली तिच्या हातून होती. मी तिचा हात बाजूला केला.

अर्धा किलो दह्याचे पन्नास रुपये, रोख, डेअरीवाल्याला, मी दिले.