बांधलेल्या खुर्च्या

सभागृहाच्या रखवालदाराला सगळे गाठमामा म्हणायचे. गाण्याबजावण्याला, बक्षीस समारंभाला खुर्च्या मोकळ्याच असत. पण फलकावर सरकार, कायदा, देशाचं धोरण असलं काही लागलं, की मामाची दोरी बाहेर निघायची. एकेका रांगेतल्या खुर्च्यांचे पाय तो एकमेकांना असे जखडायचा, की बैल जुंपला तरी गाठ हलू नये.

ही अक्कल फुकट आलेली नव्हती. पूर्वी करांवरच्या एका व्याख्यानात खुर्ची उडाली आणि मामाचा डावा डोळा घेऊन गेली.

"मारणाऱ्याचा राग मंत्र्यावर होता," तो सांगायचा. "मंत्री लांब, मी हाताशी."

त्याची एकुलती पोरगी दवाखान्यात नर्स. दर व्याख्यानाला पहिल्या रांगेत, आणि प्रश्न विचारल्याशिवाय उठायची नाही.

"तुझ्या जिभेलाही एक गाठ मारू का गं?"

"मारा की बाबा. मी हातवारे करून विचारीन."

त्या संध्याकाळी एक निवृत्त न्यायाधीश बोलत होते. विषय, पोलिसांना जादा अधिकार द्यावेत का. पोरगी प्रश्नाला उभी राहिली आणि मागचं दार लाथेनं उघडलं. सत्ताधारी पक्षाची टोळी, हातात लोखंडी गज. दाराशी तिकिटं बघणाऱ्याचं नाक पहिल्याच फटक्यात चेंदलं. माणसं पळायला उठली, पण बांधलेली रांग एका माणसासाठी सरकत नाही. सरकली की सगळी कोसळते. पहिली रांग तशीच आडवी झाली. पोरीचा घोटा दोरीत अडकला, वर अख्ख्या रांगेचं ओझं. एका दाढीवाल्यानं तिच्या खांद्यावर गज हाणला. हाड मोडल्याचा आवाज मामाला भिंतीपाशी ऐकू आला.

कमरेचा चाकू काढून तो तिच्यापाशी पोचला. दोरी कापली तर अख्खी रांग मोकळी होणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? गज पुन्हा वर गेला. मामानं दोरी कापली.

सुटलेली पहिली खुर्ची त्यानंच उचलली. दाढीवाल्याच्या जबड्यावर घातली, तो पडल्यावरही घालत राहिला, खुर्चीचा पाय तुटेपर्यंत. तोवर बाकीच्या खुर्च्या लोकांच्या हातात गेल्या होत्या. त्यातली एक व्यासपीठावर भिरभिरत गेली आणि न्यायाधीशांच्या कानशिलात बसली. ते तिथंच गेले. कुणी फेकली, आजवर कळलेलं नाही.

दवाखान्यात पोरीनं खांदा बांधलेला असतानाच विचारलं, "बाबा, दोरी कापली नसती तर न्यायाधीश वाचले असते?"

"वाचले असते."

"आणि मी?"

"तू नसतीस."

तिनं पुढं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

सभागृह पुन्हा उघडलं, तेव्हा मामानं सगळ्या रांगा बांधल्या. एक खुर्ची तेवढी दारालगत सुटी ठेवली. पोरगी लंगडत आली, ती खुर्ची एका हातानं ओढत पहिल्या रांगेला नेऊन लावली.

"हीपण बांधा."

"दाराशी बस ना, बाई."

"बांधा म्हटलं ना."

मामा गुडघ्यावर बसला. नेहमीसारखीच पक्की गाठ मारली. मग कमरेचा चाकू काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"पुढच्या वेळी कापायचं की नाही, ते तू बघ," तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन उभा राहिला.