वरच्या मजल्याचं हीटिंग

सासूबाई आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, "माह्यं तिकीट बदलून दे बापा. मले थंडी वाजून राहिली," आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घरात तेव्हा एकवीस डिग्री तापमान होतं. बाहेर नोव्हेंबर होता, समुद्रावरून येणारा आयर्लंडमधल्या गॉलवेचा तो ओला, चिकट वारा होता, सगळं मान्य. पण घरात माझी मुलगी टी-शर्टात फिरत होती, नवरा वर शर्ट आणि खाली हाफ पँट अशा थाटात मीटिंगा करत होता आणि मी पोळ्या लाटताना घामाघूम झाले होते. आणि सासूबाई? स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर, पायात लेकाचे ट्रेकिंगचे जाड मोजे. सोफ्यावर अशा बसल्या होत्या की आता कुणीतरी हिमालयात सोडायला येणार आहे.

"अहो आई, एकवीस डिग्री आहे," मी म्हटलं.

"तुह्या डिगऱ्या तुह्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "मले माह्या हाडाची माहिती आहे."

आता यात चिडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. हे अख्खं घर आम्ही त्यांच्यासाठीच गरम करून घेतलं होतं.

सासूबाई नागपूरच्या. आम्ही गॉलवेत नवे होतो, माझी मुलगी नुकतीच झाली होती, तेव्हा सासूसासरे दोघंही आले होते, आणि तेही ऐन हिवाळ्यात. भाड्याचं जुनं घर, मागे अंगणात तेलाची टाकी, त्यावर चालणारा एक म्हातारा बॉयलर. सकाळी तासभर आणि संध्याकाळी थोडा वेळ तो घरघरायचा, बाकी वेळ राम भरोसे. तेव्हा आमच्या रस्त्यावरचा अलिखित नियमच होता की हॅलोवीनच्या आधी हीटिंग लावायचं नाही. ऑक्टोबरात मी कुडकुडत शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आणखी एक जर्सी घाल, यू'ल बी ग्रँड." मी आधीच दोन घातल्या होत्या.

त्या घरात खरी उबदार अशी एकच खोली. बैठकीची. तिथे शेगडीत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटा जळायच्या आणि शेगडी सासऱ्यांच्या ताब्यात. निवृत्त माणसाला काम मिळालं. दुसऱ्या कुणी चिमट्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मग काय, सगळं त्याच खोलीत. बाळाचं तेल मालीश तिथे, जेवण तिथे, नवऱ्याचं ऑफिसचं काम मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथे, माझं रडणंसुद्धा तिथे, कारण बाहेर जाऊन रडायचं म्हटलं तरी गारठा. सासूबाई रोज नव्याने सुरू करायच्या: "कुठी आणून टाकलं पोरानं मले! हे काय गाव आहे का? आणि तुम्ही, पाय घ्या जरा तिकडं!" हे शेवटचं सासऱ्यांना. त्यांचे पाय नेमके सासूबाईंच्या पाठीत यायचे.

त्या घरात सासूबाईंना आवडलेली एकच गोष्ट होती, हॉट प्रेस. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची मोठी टाकी असते ते हॉट प्रेस. जुन्या टाकीतून ऊब गळायची, त्यामुळे आत कायम मार्च महिना. सासूबाईंनी आल्या आल्या ते कपाट काबीज केलं. वरच्या फळीवर दह्याचं पातेलं टॉवेलात गुंडाळून, मधल्या फळीवर बाळाचे लंगोट, खालच्या फळीवर सासऱ्यांची माकडटोपी. माझ्या टॉवेलाला जागा हवी असेल तर परवानगी घ्यावी लागायची.

त्यानंतर मात्र त्या दोघांनी हिवाळ्याचं नाव काढलं नाही. यायचे ते जूनमध्ये, आणि सप्टेंबर लागला की पळायचे.

गेल्या वर्षी सासरे गेले. नागपूरच्या घरात सासूबाई एकट्या. नवऱ्याने ठरवलं की यंदाची दिवाळी तिने एकटीने काढायची नाही, दिवाळीच्या आधी इकडे आणायचं आणि व्हिसाचे तीन महिने पुरते राहायला लावायचं. पण थंडीचं काय? मग आमचा इंजिनियर पेटला. आता घर आमचं स्वतःचं होतं. भिंतींत कापसासारखं काहीतरी भरून घेतलं, खिडक्या बदलल्या, बॉयलर काढून बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा विजेवरचा हीट पंप बसवला, वरच्या आणि खालच्या मजल्याला वेगवेगळे थर्मोस्टॅट. बसवायला आलेल्या माणसाने हॉट प्रेस उघडलं तर आत माझं दह्याचं पातेलं. त्याने झाकण उचललं, वास घेतला आणि माझ्याकडे गंभीरपणे बघत विचारलं, "हे जिवंत आहे का?" मी म्हटलं, हो. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून इतक्या अदबीने ओट्यावर ठेवलं की मला त्याला चहा द्यावाच लागला.

चहा पिताना तो म्हणाला, की खरं सांगायचं तर आता पूर्वीसारखे हिवाळे राहिलेतच कुठे. लहानपणी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी असायची, आता डिसेंबरातही लोक नुसत्या शर्टावर कुत्रा फिरवतात. हे ऐकून नवरा धावत लॅपटॉप घेऊन आला. इथे आल्यापासून दर हिवाळ्यात बॉयलर किती चालला याचा त्याने आलेख काढून ठेवलाय. लोक मुलांचे फोटो दाखवतात, हा तो आलेख दाखवतो. रेघ खाली, आणखी खाली. "बघा, गरज कमीच होत चाललीये!" तो आनंदाने म्हणाला. तो माणूस बिचारा बिस्किट तोंडात धरून मान डोलावत राहिला.

तर अशा घरात बसून आमच्या सासूबाई म्हणत होत्या, थंडी वाजते.

नवऱ्याने बावीस केलं. मग तेवीस. मुलगी म्हणाली, "बाबा, आयाम लिटरली मेल्टिंग." सासूबाईंनी शाल आणखी घट्ट ओढली आणि पुन्हा तिकिटाचं काढलं. नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याने एवढा घाट घातला तो कशासाठी? आणि मी सरळच सांगते, मलाही त्या जायला नको होत्या. आमचं पटतं असं नाही, आम्ही रोज भांडतो. पण त्या आत्ता गेल्या असत्या तर पुन्हा आल्याच नसत्या. नागपूरच्या त्या घरात टीव्ही लावून एकट्याच बसल्या असत्या, आणि फोनवर "मी बरी आहे" एवढंच सांगितलं असतं. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना, आणि त्यामुळे मला जास्तच राग येत होता.

त्यात दह्याने घात केला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत हॉट प्रेसमध्ये विरजण लावलं होतं. सकाळी बघतात तर दूध जसंच्या तसं. नवी टाकी इतकी बंदिस्त, की ऊब बाहेर येतच नाही. नवऱ्याने त्यांना नीट समजावून सांगितलं की टाकीतून ऊब न गळणं ही किती चांगली गोष्ट आहे. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वर निघून गेला.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून ऑफिसचं उरलेलं काम करत होते. पाणी प्यायला उठले तर सासूबाई हॉट प्रेसचं दार उघडून उभ्या. हात आत घातलेला. नुसत्याच उभ्या.

"काय शोधताय, आई?"

"काही नाही. हे बी गारच आहे." त्यांनी दार लोटलं. मग जिन्याकडे बघत म्हणाल्या, "तो वर आहे. पोट्टी वर आहे. तू इथी. मी तिकडं त्या टीव्हीपाशी, त्यातलं मले अर्धं समजत नाही. आवाज दिला तं म्हणते, 'कमिंग आजी', आणि येत काही नाही. त्या वर्षी कशी थंडी होती वं. सारे एका खोलीत. तुह्या सासऱ्याचे पाय माह्या पाठीत."

"अहो, पण तेव्हा तर तुम्ही रोज शिव्या घालत होतात!"

"घालीन नाही तं काय करीन?" त्या म्हणाल्या. "माणसं होती म्हणून घालत होतो. आता कोणाले घालू?"

मी ग्लास तसाच ठेवला आणि त्यांचा हात धरला. तो गार नव्हता. चांगला गरम होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेत असताना, मी वर गेले आणि वरच्या मजल्याचं हीटिंग बंद करून टाकलं. मनात म्हटलं, बघू आता कशी खाली येत नाहीत सगळी.

नाही आली. कारण वर थंडीच पडेना! भिंतींत तो कापूस, दुहेरी काचा, आणि बाहेर हवा अशी की शेजारच्या आजी अंगणात गुलाबाशी गप्पा मारत होत्या. इतकी वर्षं जिने आम्हाला छळलं, जिच्या नावाने मी दर हिवाळ्यात बोटं मोडली, ती थंडी आता मी बोलावतेय तर यायला तयार नाही! मुलगी आपली टी-शर्टातच. शेवटी मी खिडक्या उघडल्या. सकाळी ते दोघं बाहेर पडले की सगळ्या खिडक्या सताड उघड्या, यायच्या वेळी बंद. सासूबाई जिन्यातून बघत होत्या. "काय करून राहिली?" मी म्हटलं, घरात हवा खेळती राहिलेली बरी. "हाव का," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधीच खिडक्या उघडलेल्या होत्या.

मग मात्र जमलं. आधी मुलगी खाली आली, रजई ओढत, कुरकुरत: "इट्स फ्रीझिंग अप देअर!" आजीने सोफ्यावर सरकून जागा केली. मग हेडफोन लावलेला नवरा आला, मांडीवर लॅपटॉप घेतला. मीही स्वयंपाकघरातून उठून आले. सासूबाई एकदम कामाला लागल्या. हा दिवा बंद कर, तो लाव, तिच्या पायावर पांघरूण घाल, हे काय बसणं आहे का, जरा सरळ बस. मफलर कधी निघाला ते कुणाला कळलंही नाही. मुलीचे लांबच लांब पाय त्यांच्या पाठीला लागत होते. त्या तिला नागपुरी शिव्या देत होत्या आणि ती अगदी इकडच्या सुरात विचारत होती, "आजी, व्हॉट डझ दॅट मीन?" दह्याचं पातेलं सोफ्याशेजारी रेडिएटरला टेकवून ठेवलं होतं. सकाळी घट्ट लागलं.

पण माझा नवरा इंजिनियर. त्याच्या फोनवर घरातल्या प्रत्येक गोष्टीची खबर येते. रविवारी जेवताना तो फोनकडे बघत बसला. मग वर जाऊन आला. मी आमटीत चमचा ढवळत बसले. त्या थर्मोस्टॅटवर सरळ दिसतं की ते हाताने बंद केलंय. आता हा भाषण देणार, उष्णतेचं, खिडक्यांचं, मूर्खपणाचं.

तो खुर्चीत बसला, त्याने आईकडे पाहिलं. ती नातीच्या ताटात बळेबळे तूप वाढत होती.

"वरचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला. "एक पार्ट मागवावा लागणार. जर्मनीहून यायचाय."

"किती दिवस लागतील रे?" मी विचारलं.

"जानेवारी संपेपर्यंत तरी नाही यायचा," तो म्हणाला आणि भात कालवू लागला. सासूबाईंचं तिकीट जानेवारीअखेरचं होतं.

त्यानंतर तिकीट बदलायचं कुणी बोललं नाही. त्या तीनही महिने राहिल्या, रोज भांडल्या, रोज गावाला नावं ठेवली. नवऱ्याच्या आलेखातली रेघ यंदा इतकी खाली गेली की ऑफिसात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. वरचा मजला बंद होता, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

जायच्या दिवशी डब्लिनच्या विमानतळावर माझा नवरा आईला नमस्कार करायला वाकला, तर तिथेच डोळे पुसायला लागला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या दिवाळीले मी येतो," त्या म्हणाल्या. "ते मशीन आता सुरू कर, पोट्टी गारठते. आणि मी यायच्या आधी पुन्हा बिघडवून ठेवजो."