तापीच्या पाण्यात पडलेला झिपरू पाटील

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली रिमाउंटच्या खरेदी तुकडीत झाली. रिमाउंट म्हणजे फौजेसाठी घोडी आणि खेचरं घेऊन तयार करणारं खातं. मी दफेदार होतो, मूळचा साताऱ्याकडचा. बरोबर एक इंग्रज कॅप्टन साहेब आणि थोडे सवार. ऑर्डर साधी होती. नंदुरबारला उतरायचं, तापीपलीकडच्या गावातून घोडी घ्यायची आणि रेल्वेने परत यायचं.

दिवाळी होऊन गेली होती. स्टेशनवरून आम्ही कोरीटच्या रस्त्याने नदीवर आलो. उताराला, म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागी, पाणी घोड्याच्या गुडघ्याइतकं. पैलतीरी गाव. कापसाची आणि ज्वारीची शेती, आणि दारोदार घोडी. इथली घोडी पेशवाईपासून फौजांत गेली, असं लोक सांगत. लढाई नसेल तेव्हा सुरतेचे व्यापारी येत.

मी घोडदळात बरीच वर्षं काढली होती. आमच्याकडे घोडं म्हणजे अगाडी-पिछाडीचे दोर, खुरावर डागलेला नंबर आणि पहारा. या गावात एकही घोडं बांधलेलं दिसलं नाही. ती ओट्यांपाशी मोकळी उभी होती. सकाळी बायका भाकरी फडक्यात बांधून घोडीच्या उघड्या पाठीवर बसत आणि शेताला जात. संध्याकाळी सगळी घोडी आपापली नदीवर जाऊन पाणी पिऊन परत येत, प्रत्येक आपल्या दाराशी. आमचा सवार शंकर माने ते बघत राहिला. मला हळूच म्हणाला, "दफेदार, आपण आजवर नक्की काय शिकलो?"  मीही तेच बघत होतो.

गावाचे पाटील दगा पाटील. त्यांच्या घरी आमचा मुक्काम. खरेदी सुरळीत झाली. अडलं ते त्यांच्या धाकट्या भावापाशी, झिपरूपाशी. वय तिशीचं, अंगाने बारीक, बोलणं कमी. त्याची लाखी नावाची कुमैत, लालसर तपकिरी रंगाची घोडी सगळ्यांत देखणी होती. साहेबांना ती स्वतःसाठी हवी होती. त्यांनी किंमत दोनदा वाढवली. झिपरूने मान हलवली.

"साहेब, ती इकाले नई शे. ती घरमानी शे."

ती विकायची नाही, घरातली आहे, असं मी साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. साहेब हसले आणि विषय सोडला.

निघायच्या दिवशी दुपारी ऊन स्वच्छ होतं. आदल्या दिवशी सातपुड्यावर ढग दिसले होते, पण गावात थेंबही नव्हता. आम्ही घोडी उतारात घातली. निम्म्याहून जास्त पलीकडे पोचली. शंकर सर्वांत मागे होता. तो मधोमध असताना काठावरून दगा पाटील ओरडले, "पानी चढी ऱ्हायनं! मांगे या!"

गढूळ लोंढा वळणावरून आला. आवाज फारसा नव्हता. शंकरच्या घोड्याचे पाय सुटले आणि ते वाहून गेलं. शंकर नदीतल्या एका बाभळीला अडकला आणि तिथेच लटकून राहिला. झाड वाकत होतं. मी पलीकडच्या काठावर होतो. साहेबांनी दोर मागवला. दोर निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता.

मग मी जे पाहिलं, तसं घोडदळात कधी पाहिलं नाही. कोणी हुकूम दिला नाही. गावातून माणसं घोड्यांसह धावत आली, खोगीर नाही, रिकीब नाही. त्यांत दोन बायकाही होत्या. शंकरच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, ती सगळी पाण्यात शिरली आणि घोड्याला घोडं लावून उभी राहिली. घोड्यांच्या छातीला पाणी लागलं, पण एकही मागे फिरलं नाही. त्यांच्या आडोशाला धार जरा मंदावली.

झिपरू लाखीवर होता. शेजारच्याला तो म्हणाला, "तुमी थांबा. मी जास." त्याने तिला पोहणीला घातलं. बाभळीशी जाऊन शंकरला बखोटीला धरून पाठीवर ओढलं. दोघांचं ओझं घोडीला पेलेना. झिपरू खाली उतरला आणि आयाळ धरून बाजूने पोहू लागला. काठ जवळ आला होता. तेवढ्यात वरून एक ओंडका आला आणि नेमका त्याच बाजूला लागला.

घोडी बाहेर आली. शंकर तिच्या मानेला मिठी मारून होता. झिपरू नव्हता.

संध्याकाळी खालच्या वाळूत तो सापडला. सकाळपर्यंत पाणी उतरलं, तसे आम्ही पुन्हा गावात गेलो. अंत्ययात्रेमागे सगळं गाव घोड्यांवर होतं. लगाम सैल, फक्त टापांचा आवाज. आम्ही रस्त्याच्या कडेला रांगेत फॉल इन झालो. साहेबांनी सॅल्यूट दिला आणि शेवटचा स्वार पुढे जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.

नंतर शंकर झिपरूच्या आईसमोर जाऊन खाली बसला.  तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुन्ही माय शे ना? मंग रजा भेटनी की पहिले तिनाकडे जाय."

लाखीचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. पुरामुळे गावाच्या काठाला अडकलेली घोडी गावातल्या लोकांनी स्वतः उतारातून आमच्या हवाली केली. दगा पाटील सुतकात होते, तरी काठापर्यंत आले आणि एकेका घोडीच्या मानेवर थाप देऊन वळले.

शंकरला रजा मिळाली. तो थेट आईकडे गेला. पुढे आम्ही खेचरांच्या कंपनीबरोबर बर्मात गेलो. तिथे एका टेकडीवर दारूगोळा चढवताना तोफेचा गोळा पडला आणि शंकर गेला. त्याचं नाव कंपनीच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

झिपरू पाटील शेतकरी होता. त्याने वर्दी घातली नाही, त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. पण आमच्या तुकडीतलं पहिलं कोण पडलं, असं मला कोणी विचारलं, तर मी त्याचंच नाव सांगतो. मग शंकरचं.