काळ्या गुळाचे लाडू

अख्ख्या चंदीगडात कोथिंबिरीच्या जुडीलाही तिचं गाव विचारणारं माणूस एकच होतं, आणि त्यांच्याच घरी मी लाडू वळायला जात होते. कर्नलसाहेबांच्या या पत्नीला आम्ही तिघी कामाच्या बायका नुसतंच ‘बाई’ म्हणायचो. फराळाचा धंदा एवढासा. पण तीळ कुणाच्या शेतातले, शेंगा फोडणाऱ्यांना मजुरी वेळेवर मिळते का, हे कळल्याशिवाय बाईंची कढई तापत नसे. तेलाचे रिकामे डबे घासूनपुसून डेराबस्सीच्या तेलवाल्याकडे परत जायचे. प्लॅस्टिक तर घरात चालतच नसे. एकदा कापडी पिशव्या कमी पडल्या, तर बाईंनी बैठकीतले पडदे कापून शिवल्या. साहेब दारातच थबकले. म्हणाले, "अगं, माझा युनिफॉर्म तरी ठेव!"

माल आणणाऱ्याने तो आधी आमच्यासमोर बसून खायचा, हा त्यांचा नियम. संक्रांतीच्या तोंडावर मुल्लानपूरकडचे सरदारजी पिवळाधमक गूळ घेऊन आले. सेक्टर ३२ मधल्या मराठी डॉक्टरांच्या घरोघरी जाणारे लाडू करायचे होते. सरदारजी तुकडा नुसताच हातात फिरवत बसले.

बाईंनी विचारलं, "घर में यही खाते हो, भाईसाहब?"

ते ओशाळले. "ना जी. इसमें रंग उजला करने का केमिकल है. घर वाला तो काला होता है, कौन लेगा?"

"मैं लूँगी."

साहेबांनी बजावलं, "लाडू परत आले तर हा धंदा बंद. पक्का." म्हणजे आम्हा तिघींचं कामच जायचं! त्यात लाडू झाले अगदी कोळशासारखे. भर धुक्यात बाई स्वतः डबे पोचवायला निघाल्या, टोपली घेऊन मी मागे.

पहिल्याच घरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जळले का हो?"

"नाही, गुळाचा हाच खरा रंग. खाऊन बघा. नाही आवडला तर आत्ता परत नेते."

त्यांनी जरासा चावा घेतला, लगेच दुसरा घेतला. मग लेकीला हाक मारली, "इकडे ये गं, आजीच्या घरी असाच असायचा." लेक खाता खाता म्हणाली, "मम्मा, एक और." त्या वर्षी एकही डबा परत आला नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. धंदा आता आम्ही तिघी चालवतो. पडद्यांच्या पिशव्या कधीच विरल्या. बाईंसारखं कुणाला तोंडावर विचारणं मला अजून जमत नाही. पण संक्रांतीआधी सरदारजी येतात, कुणी न सांगता ढेपेचा कोपरा फोडून तोंडात टाकतात आणि बाई बसायच्या त्या, मागे राहिलेल्या वेताच्या खुर्चीकडे बघत म्हणतात, "देख लो, मैडम जी."

खुर्ची रिकामीच असते. मग मीच मान हलवते.